धुऱ्यावरच्या बाटल्या

आमच्या गावात एका माणसानं आठ-नऊ वर्षं फक्त तिथलाच कचरा उचलला, जिथं पुरुष मुततात. लघवीला जातात असं लिहिणार होतो. पण ते असते तर त्यांनी मला माझ्याच दुकानाच्या पायरीवर उभं करून विचारलं असतं, "डॉक्टर, लघवी कोन करते? दवाखान्याच्या कागदावरचा मानूस. बाकीचे सगळे मुततात." म्हणून त्यांचा शब्द त्यांच्यासाठी तसाच ठेवला आहे.

मी डॉक्टर नाही. शेगावहून सोनाळ्याला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि एसटी स्टॉपच्या समोर माझं मेडिकल आहे. खेड्यात औषधं विकणाऱ्याला लोक डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षी आपण म्हणतो, नाही हो, मी नुसता दुकानदार. दुसऱ्या वर्षी नुसतं हसतो. तिसऱ्या वर्षापासून ओ देतो. मी ओ देत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात या ओ देण्याचा मोठा हात आहे.

कचरा उचलणारे ते गृहस्थ एसटीत कंडक्टर होते आणि रिटायर झाल्यावरही गावानं त्यांना कंडक्टर याच नावानं ओळखलं. अंगात तोच खाकी शर्ट, खिशात शिट्टी, आणि उजव्या हातात जुन्या काळचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. मशीन आल्यावर चिमटे जमा करून घेतले होते म्हणे, यांनी तो हरवला म्हणून लिहून दिलं आणि घरी आणला. चालताना तो चिमटा सारखा वाजत असायचा. टिक, टिक, टिक. दुकानात बसून मला समजायचं, कंडक्टर आले.

पाठीवर युरियाची गोणी. आमच्या गावच्या टेलरचाचांनी तिला दप्तरासारखे पट्टे शिवून दिले होते आणि मागच्या बाजूनं लाल रंगात लिहिलं होतं: "मुतायले येळ लागते? लाजू नका. तपासा. प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर सापडला तं बरा होते." सरपंचानं सांगून पाहिलं की निदान शब्द तरी बदला, रस्त्यानं लेकीबाळी जातात. कंडक्टर म्हणाले, "लेकीबाळीईलेच तं वाचता येते. बाप वाचत नाही, त्याईले वाचू द्या."

त्यांना स्वतःला तो आजार झाला होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षी तपासणीत सापडला, नागपुरात ऑपरेशन झालं, वाचले. ऑपरेशननंतर थोडं थोडं गळायचं, तेही ते लपवत नसत. चहा पिता पिता उठायचे आणि सांगायचे, "टाकी गळून राह्यली, आलोच." ऐकणारा माणूस कपात तोंड घालायचा. बहुतेक वेळा तो ऐकणारा मीच असायचो.

कचराच का, असं मी एकदा विचारलं होतं. पत्रकं वाटा, भिंतीवर लिहा, शाळेत भाषण करा. त्यांनी मला समजावून सांगितलं, जसं लहान मुलाला सांगतात. "पत्रक देल्लं तं त्याच्यात भजे खातात. भिंतीवर लिहिलं तं त्याच्यावरच मुततात. आन् त्या भिंतीमांगं म्या नुसतं उभं राह्यलो तं लोक गोटे मारतीन. पन कचरा येचनाऱ्याकडं कोनी पाहत नाही, डॉक्टर. त्याले कुठंबी जाता येते."

त्यामुळं दर सकाळी ते स्टॉपच्या मागच्या भिंतीपाशी, पानटपरीच्या आडोशाला, नाल्याच्या पुलाखाली, शाळेच्या कुंपणाशी, असे फिरायचे. पाण्याचे पाउच, गुटख्याच्या पुड्या, फुटके ग्लास गोणीत भरायचे. कुणी येऊन उभा राहिला की ते पाठ फिरवायचे. कधी कुणाकडं बघितलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. फक्त चिमटा वाजवायचे. त्यांचा हिशोब ठरलेला होता: साठ टिकच्या वर गेलं की बोलायचं. मग पाठमोरेच म्हणायचे, "नव्वद झाले, पाटील. घरी बाईले इचारा रात्री कितीखेप उठता, आन् शेगावले दाखवून या." पाटलाचं जे काही चाललेलं असेल तेही बंद व्हायचं. शिव्या खाल्ल्या त्यांनी. एकदा एकानं त्यांची गोणी नाल्यात फेकली. ते नाल्यात उतरले, गोणी काढली, आणि म्हणाले, आता नाल्यातला बी साफ करून टाकतो.

दर वेळी कॅन्सरच असतो असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. "वयानं बी होते. शंभरातल्या लय जनाईले साधंच असते. पन आपल्याले पाहून कोनतं हाये ते समजत नाही, तपासल्यावर समजते." आणि एखाद्याला काहीच त्रास नसतो तरी आत असू शकतं, हेही तेच सांगायचे. दुकानात औषधं विकणारा मी होतो, सांगणारे ते होते.

ही खोड त्यांना लागली कुठून, ते ते स्वतःच सांगायचे, आणि प्रत्येकाला सांगायचे. नोकरीत असताना एका थांब्यावर गाडी दहा मिनिटं थांबली. एक म्हातारा भिंतीमागं गेला तो येईचना. यांनी शिट्टी वाजवली. म्हातारा तिकडून म्हणाला, थांबा बापा. यांनी पुन्हा शिट्टी वाजवली आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "काय बे बुढ्या, वावर ओलून राह्यला काय?" गाडी हसली. म्हातारा धावत आला तेव्हा त्याचं धोतर ओलं होतं. तो उभ्यानंच गेला, सीट रिकामी असून. पुन्हा कधी त्यांच्या गाडीत बसला नाही. "मी त्याले हसलो," कंडक्टर म्हणायचे, "आन् मंग मलेच झालं. झालं म्हून वाईट नाही वाटत. हसलो म्हून वाटते."

रविवारी ते सगळ्यांना बोलवायचे. या, दोन तास द्या, हातमोजे माझे. यायचे टेलरचाचा आणि आणखी एखाद-दुसरा. मी समोर राहत असून एकदाच गेलो, आणि ते जाणंही सांगायला लाज वाटते. तालुक्याच्या दुकानदारांच्या ग्रुपवर समाजसेवेचे फोटो टाकायची टूम निघाली होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, नवे हातमोजे घातले, आणि खालची घाण बाटली उचलायला नको म्हणून दुकानातली एक कोरी बाटली सोबत नेली. ती जमिनीवर ठेवली, वाकलो, फोटो काढला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून परतलो. बाटली तिथंच राहिली. दुकानात येऊन बसलो तर कंडक्टर ती उचलत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चाचा मात्र नंतर म्हणाले, "डॉक्टरसाहब, फोटो मस्त आया. कचरा एक बढ गया."

आता बाटल्यांबद्दल सांगतो.

आमच्याकडं पाणी खारं. विहिरीचं खारं, बोअरचं खारं. त्यामुळं कमरेच्या खाली काहीही दुखलं, जळलं, अडलं की माणूस पाण्याचं नाव घेतो. खारं पाणी बाधलं. ते खोटंही नाही, या पाण्यानं कितीजणांच्या किडन्या गेल्या. पण त्यामुळं झालं असं की गावातल्या कुठल्याही पुरुषाला दुसरं कारण शोधायची गरजच उरली नाही. आणि मी एक गुलाबी गोड औषध विकत होतो. लघवीची जळजळ कमी करायचं, साधं, चिठ्ठीशिवाय मिळणारं. गावात त्याचं नाव पडलं होतं खाऱ्या पाण्याचं औषध. प्रत्येक बाटलीवर मी पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून लिहायचो, दोन झाकणं, तीन वेळा. माझं अक्षर चांगलं आहे. दादांना त्याचा फार अभिमान होता.

दादा म्हणजे माझे मोठे भाऊ. वडील मी चौथीत असताना गेले, तेव्हापासून दादाच बाप. त्यांनी शाळा सोडली आणि मला शिकवलं. मी त्यांच्यासमोर कधी खाटेवर बसलो नाही. आम्हा दोघांचं बोलणं पेरणी, पाऊस आणि "जेवला काय" यापलीकडं कधी गेलं नाही. काही महत्त्वाचं असलं की दादा वहिनीला सांगायचे, वहिनी माझ्या बायकोला आणि बायको मला. उत्तर त्याच रस्त्यानं उलटं जायचं. आमच्या घरची रीतच तशी होती आणि त्यात आम्हाला काही वावगं वाटत नव्हतं.

दादांची एक सवय होती. ते वस्तू ओळीनं लावायचे. दारातल्या चपला, विहिरीवरच्या बादल्या, संत्र्याची क्रेटं. अंगणातल्या तुळशीभोवती त्यांनी रिकाम्या बाटल्या मातीत उलट्या खुपसून कुंपण केलं होतं, एक बोटभरही मागंपुढं नाही.

पौष महिना होता, रविवार. दुकानात माजी सरपंच होते आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या दोन बाया होत्या. टिक टिक करत कंडक्टर आले, गोणी उतरवली आणि काउंटरच्या काचेवर एकेक बाटली मांडत गेले. मातीनं भरलेल्या, आमच्या गुलाबी औषधाच्या. सतरा. प्रत्येकीवर माझी चिकटपट्टी.

"अक्षर तुमचं," ते म्हणाले. "धुरा तुमच्या दादाचा. बांधावरच्या कडुनिंबाखाली होत्या, एकाच जाग्यावर. गड्यानं पेल्या असत्या तं इकडंतिकडं फेकल्या असत्या. याईले कोनीतरी ओळीनं मातीत तोंड खुपसून ठेवलं. अशी थंडी पडून राह्यली, उन्हाची बाधा म्हनता येत नाही. पानी खारं म्हनसान, तं त्याईच्या वावरातली हीर गावात सगळ्यात गोडी हाये."

मला त्याच क्षणी समजलं. ओळीनं, तोंड मातीत. औषध न्यायला दर पंधरवड्याला दादांचा गडी यायचा आणि मी त्याला कधी विचारलं नव्हतं, कुणासाठी. दादा माझ्याकडं कसे मागणार? धाकट्या भावाकडं जाऊन काय सांगणार? बायकोनंही एकदा म्हटलं होतं, वहिनी म्हणतात दादा रात्रीतून पाच-पाच वेळा उठतात. मी म्हणालो होतो, पाणी खारं आहे. दादांच्या विहिरीचं पाणी गोड आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी म्हणालो होतो.

पण दुकानात माजी सरपंच उभे होते. बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. मी म्हणालो, "गडीच पेत असंन. आन् तुमी लोकाईच्या धुऱ्यावर कायले फिरता? माझ्या भावाची इज्जत अशी काउंटरवर मांडता?" आणि हातानं सगळ्या बाटल्या लोटून दिल्या. प्लास्टिकच्याच, फुटल्या नाहीत. पायरीवरून घरंगळत रस्त्यावर गेल्या.

कंडक्टर खाली उतरले आणि वाकून वेचू लागले. सतराच्या सतरा. वाकल्यामुळं असेल, त्यांची खाकी पॅन्ट ओली झाली. माजी सरपंच हसले. "कंडक्टर, गाडी लीक हाये." आणि मी पण हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. त्यांनी ऐकलं. ती म्हाताऱ्याची गोष्ट त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल, तरी हसलो.

गोणी पाठीवर चढवून ते म्हणाले, "बेइज्जती माह्याजोळ राहू द्या, डॉक्टर. माही इज्जत तं गेलेलीच हाये. तुमी फक्त त्याईले इचारा."

मी विचारलं नाही. काय केलं ते सांगतो. पुढच्या खेपेला गडी आला तेव्हा मी त्याला म्हणालो, ते औषध संपलं. मागं फळीवर डझनभर होत्या. मला वाटलं, औषध बंद केलं म्हणजे दादा आपोआप डॉक्टरकडं जातील. गडी शेगावहून आणायला लागला. मग पेरणीच्या वेळी दादांची कंबर धरली. नांगरटीनं धरली असेल म्हणून मीच मलम दिलं, मीच गोळ्या दिल्या, त्याही माझ्या सुंदर अक्षरात लिहून. दिवाळीत त्यांना खाटेवरून उठता येईना. अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि मला विचारलं, "लघवीचा त्रास कधीपासून आहे?" दादा खाली पाहत होते. मी म्हणालो, "माहीत नाही." आजार हाडांत गेला होता. इंजेक्शनं सुरू झाली, पुढं दीड वर्ष दादा होते.

त्या दीड वर्षात कंडक्टर दुकानासमोरून रोज गेले. एकदाही आत आले नाहीत आणि एकदाही वाकडं बोलले नाहीत. दादांना बघायला मात्र जायचे. खाटेपाशी बसून एसटीच्या गोष्टी सांगायचे, दादा हसायचे. मी आलो की उठून जायचे. मला वाटायचं, एकदा सगळ्यांसमोर माझी आईबहीण काढा आणि मोकळं करा. त्यांनी मोकळं केलं नाही.

दादांचा तेरावा झाल्यावरच्या रविवारी मी स्टॉपच्या भिंतीमागं गेलो. त्यांनी काही विचारलं नाही, चाचांकडची एक गोणी माझ्या पाठीवर चढवली. दोघं वेचत राहिलो. सोनाळ्याची गाडी थांबली, एक साठीचा माणूस येऊन उभा राहिला. कंडक्टरांनी पाठ फिरवली, मी फिरवली. टिक, टिक. साठ झाले, सत्तर झाले. ते बोलले नाहीत. माझ्याकडं बघत होते. आज तुमची पाळी, असं. नव्वद, शंभर. मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. माणूस चेन लावून गाडीकडं गेला. तेव्हा कंडक्टर त्या वयात गाडीमागं पळाले, शिट्टी वाजवून गाडी थांबवली, आणि पायरीवर चढून त्या माणसाच्या कानात सांगून आले. धापा टाकत मला म्हणाले, "होते पहिल्यांदा असं." बस, एवढंच. मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो.

ते मागच्या वर्षी गेले. झोपेत गेले, त्या आजारानं नाही. मुलगा पुण्याहून आला, त्यानं त्या गोण्या जाळून टाकल्या. बापाचं हे काम त्याला कधी आवडलं नव्हतं, आणि मी त्याला कोणत्या तोंडानं नावं ठेवू? चिमटा चाचांनी आधीच काढून ठेवला होता, तो माझ्या गल्ल्यापाशी आहे. रविवारी चाचा आणि मी जातो. आता मला बोलता येतं. गुलाबी औषध मागायला कुणी आला की विचारतो कुणासाठी, किती दिवसांपासून, रात्री कितीदा, आणि आधी चिठ्ठी आणा म्हणतो. लोक म्हणतात याच्यावर कंडक्टरची सावली पडली. डॉक्टर म्हणून कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही.

कंडक्टरांना मी बरंच सांगितलं, फळीवरच्या डझनभर बाटल्यांचंही सांगितलं. एक गोष्ट तेवढी नाही सांगितली, आणि ती अजून कुणालाच सांगितलेली नाही.

दादांच्या शेवटच्या महिन्यातली दुपार होती. खाट अंगणात टाकली होती, तुळशीजवळ. मी खाली बसून त्यांचे पाय चेपत होतो. वहिनी आत होत्या. दादा तुळशीभोवतालच्या बाटल्यांकडं पाहत म्हणाले, "बाबू, तो कंडक्टर माह्याकडं आल्ता, लय आधी. त्या पौषात. वावरात येऊन म्हने, तुमच्या भावाले म्या सांगतलं हाये, तो तुमाले इचारीन."

माझे हात थांबले.

"म्या वाट पाह्यली," दादा म्हणाले. "रोज म्हनो, आज इचारीन. म्या सांगनार होतो तुले, लाज वाटली असती तरी सांगनार होतो. तू येत होता, पावसापान्याचं बोलत होता, जात होता. मंग म्या तुह्या वहिनीले म्हटलं, काही नसंन. आपला बाबू शिकलेला हाये. काही असतं तं तो गप्प बसला असता काय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट समाधानच होतं. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "तवा काही नव्हतंच ना, बाबू?"

मी म्हणालो, "नव्हतं, दादा."

"म्या म्हटलंच होतं," दादा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचे पाय चेपत राहिलो.